ऊर्ध्व वायूचे भाकीत : हडपसर ते श्रीगोंदा

हवामानाचे भाकीत म्हटले की महाराष्ट्रात पाऊस हाच विषय मनात येतो. आकाशातून काय खाली येणार, किती येणार आणि केव्हा येणार, या तीन प्रश्नांभोवती येथील हवामानविषयक सर्व चर्चा, मग ती पंचांगातील असो वा वेधशाळेतील, शतकानुशतके फिरत आली आहे. परंतु ज्या हवेतून पाऊस पडतो तीच हवा पडण्यापूर्वी वर चढलेली असते, आणि ती किती वर चढेल, किती वेगाने चढेल, हाही एक स्वतंत्र प्रश्न होऊ शकतो. इंजिनावाचून आकाशात राहू पाहणाऱ्या ग्लायडर-वैमानिकाने हा प्रश्न प्रथम आग्रहाने विचारला. त्याला उत्तर देण्यासाठी जी साधने घडली त्यांचा इतिहास प्रायः युरोपातील म्हणून सांगितला जातो. त्याचे काही महत्त्वाचे धागे मात्र आग्रा आणि पुणे येथून निघतात, आणि पुण्याच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्याच्या संदर्भात तपासून पाहिल्याखेरीज त्यांचा अर्थ पुरता उलगडत नाही.

हा पट्टा म्हणजे दौंड ओलांडल्यावर भीमा आणि घोड या नद्यांच्या परिसरात पसरलेला श्रीगोंदा तालुका. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा भाग इतिहासाच्या अभ्यासकांस शेख महंमदांमुळे, शिंदे घराण्याच्या वाड्यामुळे आणि भीमाकाठच्या पेडगावच्या किल्ल्यामुळे परिचित आहे. हवामानाच्या दृष्टीने त्याची ओळख एका शब्दात संपते : पर्जन्यछाया. सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर जे उरते ते येथे येते. वर्षाकाठी सुमारे ५० सेंटिमीटर. भूमी समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, बरीचशी सपाट, कोठे काळी तर कोठे मुरमाड. मेच्या मध्यास सूर्य येथे माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. पुण्याजवळील हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रापासून श्रीगोंदा हवाई अंतराने ८० किलोमीटरांच्या आसपास आहे. ग्लायडिंगच्या आंतरराष्ट्रीय रौप्य बिल्ल्यासाठी ५० किलोमीटरांचे उड्डाण, १००० मीटर उंचीचा लाभ आणि पाच तास हवेत राहणे, अशा तीन अटी आहेत. हडपसरहून श्रीगोंद्यास जाऊन परतण्याचा बेत म्हणजे यांतील पहिल्या अटीच्या तिपटीहून अधिक मजल होय. असा बेत आखणाऱ्याला सकाळी नेमके काय ठाऊक असावे लागते, हा या निबंधाचा विषय आहे.

प्रथम भाषेकडे पाहणे उचित ठरेल. ‘हवामान’ या शब्दात अरबीतून फारसीमार्गे आलेली ‘हवा’ आणि मोजमापाचा अर्थ देणारे संस्कृत ‘मान’ यांचा संयोग झाला आहे. मापनाची कल्पना शब्दातच असली तरी शब्दसंपदेचा तोल मात्र स्पष्टपणे एका बाजूस झुकलेला आहे. वळीव, झड, भुरभुर, रिपरिप, उघडीप, मळभ, झाकोळ : पडणाऱ्या पाण्याला आणि त्याच्या पूर्वचिन्हांना मराठीने बारकाईने नावे दिली. वर जाणाऱ्या हवेच्या वाट्याला वावटळ हा एक ठळक शब्द आला, आणि तोही ती धूळ व पाचोळा उचलते म्हणून. म्हणजे हवेच्या गतीपेक्षा तिच्या उपद्रवाला मिळालेले ते नाव आहे. घार ‘घिरट्या घालते’ असे आपण म्हणतो, पण ती पंख न हलवता चढत जाते ही गोष्ट त्या क्रियापदात उतरलेली नाही. त्यात भक्ष्यावरची नजर आहे, उंची नाही. पाठ्यपुस्तकांनी पुढे ‘अभिसरण’ हा शब्द रूढ केला, परंतु त्यातही फिरण्याचा बोध अधिक आणि चढण्याचा कमी आहे.

हा झुकाव समजण्याजोगा आहे. श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याला वर जाणाऱ्या हवेशी कर्तव्य नव्हते. त्याचे भाकीत पावसाच्या नक्षत्रांवर उभे होते. रोहिणी मेच्या २५ तारखेच्या सुमारास, मृग जूनच्या ७ किंवा ८ तारखेस, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य आणि थेट हस्त-चित्रा-स्वातीपर्यंत. प्रत्येक नक्षत्राला पंचांगकर्ता सूर्यनक्षत्र आणि चंद्रनक्षत्र यांतील अंतर मोजून नवांपैकी एक वाहन देतो, आणि बेडूक, म्हैस किंवा हत्ती आल्यास भरपूर पाऊस, उंदीर किंवा गाढव आल्यास ओढ, असा अर्थ लावला जातो. ही पद्धती वर्षभर आधी घरबसल्या गणित करून सिद्ध होते. त्या दिवशीच्या हवेतून ती काहीच घेत नाही. सहदेव-भाडळीच्या परंपरेत मात्र वारा, ढग, वीज यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणाला स्थान आहे, आणि त्या अर्थाने ती वेधशाळेला अधिक जवळची म्हणावी लागेल. तथापि दोन्हींचे लक्ष्य एकच : पाऊस.

आधुनिक वेधशाळेचे लक्ष्यही आरंभी निराळे नव्हते. १८६४ सालचे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांच्या पार्श्वभूमीवर १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. लगेचच १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये जो दुष्काळ पडला त्याने अहमदनगर जिल्ह्याची दैना केली. ब्लॅनफर्ड यांनी १८८६ साली हिमालयातील हिमाच्या आधारे मोसमी पावसाचे पहिले दीर्घ मुदतीचे अधिकृत भाकीत प्रसिद्ध केले ते या भयाच्या छायेतच. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर या खात्याचे प्रमुख झाले आणि जगभरच्या वेधांचे परस्परसंबंध गणिताने शोधण्याचा त्यांचा प्रसिद्ध उद्योग सुरू झाला. त्यांच्या कीर्तीचा सगळा भार या कार्यावर आहे.

वॉकर यांचे दुसरे एक कुतूहल मात्र त्या मानाने विस्मृतीत गेले. आग्रा येथे रासायनिक परीक्षक असलेले ई. एच. हॅन्किन (गंगाजलाच्या जंतुनाशक गुणाविषयी १८९६ साली लिहिणारे तेच) यांनी वर्षानुवर्षे घारी आणि गिधाडे यांचे उड्डाण न्याहाळले आणि १९१३ साली प्राण्यांच्या उड्डाणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पक्षी पंख न हलवता तरंगू शकतील अशी हवा कोणत्या प्रहरी असते, हलक्या अंगाची घार सकाळी केव्हा तरंगू लागते, जड गिधाड तिच्यामागून केव्हा, आणि हे तरंगणे उन्हामुळे की वाऱ्यामुळे, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. हवेच्या या गुणाला त्यांनी इंग्रजीत एक नवे नामही घडवून दिले. कारणमीमांसेत हॅन्किन चाचपडत राहिले हे खरे; तरीही दिवसाच्या प्रत्येक घटकेला हवेची ‘तारकशक्ती’ निराळी असते आणि ती नोंदवता येते, ही त्यांची दृष्टी पुढील सर्व साधनांच्या मुळाशी आहे. वॉकर यांनी १९२०च्या दशकात उष्ण कटिबंधातील पक्ष्यांच्या या निष्पंद उड्डाणावर स्वतंत्र लेखन केले आणि त्याचे स्पष्टीकरण तापलेल्या जमिनीवरून चढणाऱ्या हवेत शोधले. मोसमी पावसाचा शोध घेणारा आणि घारीच्या उड्डाणाचा अर्थ लावणारा गणिती एकच असावा, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. ज्याने खाली येणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडायचा त्याला वर जाणाऱ्या हवेपाशी यावेच लागते.

युरोपात हाच शोध उलट दिशेने लागला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर निर्बंध आले आणि तरुण वासरकुप्पं नावाच्या डोंगराकडे वळले. १९२० साली तेथे पहिली स्पर्धा झाली. आरंभी सर्व उड्डाणे डोंगरउतारावर आदळून वर वळणाऱ्या वाऱ्यावर होत. डोंगर संपला की उड्डाण संपले. १९२६ साली माक्स केगेल वादळी ढगात ओढला जाऊन सुमारे ५५ किलोमीटरांवर उतरला, तेव्हा डोंगराशिवायही हवा चढते हे सर्वांच्या ध्यानी आले. वाल्टर गेओर्गी यांनी ढगांखालील हवेचे मोजमाप करविले, आणि १९२८ पासून रोबर्ट क्रोनफेल्ड आदी वैमानिक चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरच्या साह्याने ढगाखालून ढगाखाली जाऊ लागले. तापलेल्या हवेच्या अशा स्तंभाला ‘थर्मल’ हे नाव रूढ झाले आणि मराठी वैमानिकांनीही ते तसेच उचलले.

आता साधनाकडे. त्याचा गाभा आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सियसने थंड होते. सकाळी फुगा सोडून प्रत्येक उंचीवरचे तपमान मोजले आणि त्याचा वक्र कागदावर काढला, तर दुपारच्या अपेक्षित कमाल तपमानापासून ९.८ अंशांच्या उताराची रेषा वर ओढावी. ती सकाळच्या वक्राला जेथे छेदते तेथे थर्मलचा माथा. जोपर्यंत चढणारी हवा भोवतालच्या हवेहून उष्ण आहे तोपर्यंतच ती चढेल, एवढाच यातील न्याय. यासाठी वापरला जाणारा आलेख नेपिअर शॉ यांनी घडवला. त्याचे ‘टेफिग्राम’ हे नाव भाषाभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे : तपमानाचे रोमन चिन्ह ‘टी’ आणि एंट्रॉपीचे ग्रीक चिन्ह ‘फाय’ यांचे उच्चार जोडून ते बनले, म्हणजे दोन अक्षरांच्या नावांचा समास. दुसरा नियम याहून जुना. एस्पी या अमेरिकन अभ्यासकाने तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सांगितला. जमिनीवरील तपमान आणि दवबिंदू यांतील प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर उंच जातो.

हे दोन नियम श्रीगोंद्याच्या आकाशाला लावून पाहावेत. मे महिन्यात दुपारी ४० अंश तपमान आणि १२ अंश दवबिंदू असला तर फरक २८ अंशांचा आणि ढगाचा तळ जमिनीपासून ३५०० मीटरांवर. जुलैत तपमान २९ आणि दवबिंदू २२ असला तर तळ अवघा ८७५ मीटर. जानेवारीत गणिताने तळ बराच उंच येईल, परंतु तेथे पहिला नियम आड येतो : हिवाळ्यात वरच्या थरात उष्ण हवेचे झाकण बसलेले असते आणि ३० अंशांवरून निघालेली रेषा दीड किलोमीटरच्या आतबाहेरच वक्राला छेदते, ढग बनतच नाहीत. म्हणजे ग्लायडर-वैमानिकाला जो दिवस सर्वांत उंच आणि सर्वांत दूर नेईल तो श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत निष्फळ दिवस होय. ढगाचा तळ साडेतीन किलोमीटरवर असणे याचा दुसरा अर्थ असा की त्यातून सुटलेला थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच बव्हंशी आटतो. एकाच वक्राचे हे दोन पाठ आहेत आणि ते परस्परांच्या विरोधात जातात. दुष्काळी वर्षातील लांबलेला उन्हाळा हा तरंगण्याच्या दृष्टीने समृद्ध काळ असतो, हे विधान कटू असले तरी आलेखाच्या दृष्टीने बिनचूक आहे.

वक्र मिळण्याची सोय पुण्यात होती. १९१४ साली आग्र्यास उच्च वातावरणाची वेधशाळा निघाली. १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले (‘सिमला ऑफिस’ हे नाव त्या चौकास अद्याप चिकटून आहे) आणि १९४४ साली दिल्लीस गेले तरी संशोधनाचा मोठा भाग पुण्यातच राहिला. १९४०च्या दशकात एस. पी. वेंकटेश्वरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बनावटीचे, पंखा-पद्धतीचे रेडिओसाँड सिद्ध केले. १९५० साली हडपसरला ग्लायडिंग केंद्र निघाले तेव्हा एकाच शहरात वरच्या हवेचे वेध आणि त्या हवेत जाऊ पाहणारे वैमानिक, दोन्ही होते. परंतु खात्याची घोषणापत्रके दुसऱ्या श्रोत्यासाठी होती. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी नभोवाणीवरून प्रादेशिक भाषांत हवामानवृत्त दिले जाऊ लागले, आणि ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ अशी एक ठरावीक परिभाषा मराठीत रुजली. ‘तुरळक’ म्हणजे विभागातील एकचतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस, असा तिचा काटेकोर अर्थ आहे. श्रोता तो अर्थ ‘आपल्या गावी बहुधा नाही’ असा लावतो आणि फारसा चुकतही नाही. थर्मलच्या उंचीस, तिच्या वेगास, ती सुरू होण्याच्या वेळेस या परिभाषेत जागाच नव्हती. ते उत्तर वैमानिकाला वेधशाळेच्या आकड्यांवरून स्वतः काढावे लागे. पाश्चात्त्य देशांतही स्थिती फार निराळी नव्हती. १९४८ साली स्थापन झालेल्या ‘ओस्टिव्ह’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने वैमानिक आणि हवामानशास्त्रज्ञ यांना एकत्र आणले, १९६१ साली वॉलिंग्टन यांचा ग्लायडर-वैमानिकांसाठीचा हवामानग्रंथ आला, तेव्हा कोठे हे ज्ञान पद्धतशीर झाले.

याच काळात नागरी विमान वाहतूक खात्याने देशी ग्लायडर घडवले आणि त्यांना नावे दिली ती अशी : ‘अश्विनी’ (१९५८), ‘रोहिणी’ (१९६१), त्यानंतर ‘कार्तिक’, आणि १९७० साली ‘मृगशीर’. कृत्तिकेच्या जागी ‘कार्तिक’ आला आहे एवढे सोडल्यास ही नक्षत्रमालिकेतीलच नावे आहेत. नावे देणाऱ्यांच्या मनात आकाशातील तारे असावेत. दख्खनच्या शेतकऱ्याच्या कानाला मात्र रोहिणी आणि मृग म्हणजे पेरणी. आणि त्याच दोन नक्षत्रांत दवबिंदू चढून ढगाचा तळ खाली येतो व लांब पल्ल्याच्या उड्डाणांचा काळ आवरतो.

आलेखाने उंची मिळते. थर्मल कोठून सुटेल हे तो सांगत नाही. तेथे भूमीचा विचार येतो आणि येथे पुण्यातील कार्य मोलाचे आहे. १९३२ साली पुण्यात एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषिहवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. उन्हात तापलेल्या जमिनीलगतच्या, ज्याला आपण ‘झळा’ म्हणतो त्या थरथरणाऱ्या थराचा त्यांनी अभ्यास केला. काळी जमीन उन्हाळ्यात दुपारी ६० अंशांच्या वर तापते, आणि तिच्यावर खडूसारखी पांढरी पूड पसरली की ती लक्षणीय थंड राहते, असे प्रयोग तेथे झाले. हेतू शेतीचा होता. पण ग्लायडर-वैमानिकाला नांगरलेल्या काळ्या रानावर थर्मल का शोधावी याचे इतके नेटके उत्तर अन्यत्र क्वचितच मिळेल.

श्रीगोंद्यात हे उत्तर अवघड होते, कारण तेथील जमीन एकरूप राहिलेली नाही. घोड धरणाचे आणि कुकडी प्रकल्पाचे कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने आले, लिंबाच्या बागा वाढल्या. ओलिताखालचा ऊस सूर्याची उष्णता बाष्पीभवनात खर्च करतो. हवा तापवायला थोडी उरते. शेजारच्या कोरडवाहू शिवारात ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेली असते आणि उघडे रान तापून राहते. डियरडॉर्फ यांनी १९७० साली मांडलेल्या सूत्रानुसार थर्मलचा वेग उष्णतेच्या पुरवठ्याच्या घनमुळाप्रमाणे बदलतो. पुरवठा निम्मा झाला तर वेग एकपंचमांशानेच घटतो. ही घट क्षुल्लक वाटेल. परंतु वेगाबरोबर माथाही खाली येतो, आणि ग्लायडर स्वतः सेकंदाला सुमारे १ मीटर खाली येत असतो. दीड मीटर वेगाच्या थर्मलमधून तीस सेंटिमीटर गेले तर उरलेला चढ निम्म्याहून कमी होतो. उंची संपली की उतरावे लागते, आणि उभ्या उसात ग्लायडर सुखरूप उतरवता येत नाही. ज्या पट्ट्यावर हवा दुबळी तोच पट्टा उतरण्यास सर्वांत अयोग्य, असा हा दुहेरी पेच आहे.

परतीचा प्रश्न आणखी निराळा. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडचा असतो. जाताना तो साहाय्य करतो आणि येताना समोर उभा ठाकतो. शिवाय मार्च ते मे या महिन्यांत सायंकाळी सह्याद्री ओलांडून समुद्रावरची थंड हवा अनेकदा पुण्यापर्यंत येते. पुणेकर तिची वाट पाहतात. वैमानिकाला मात्र तिच्या आगमनाची वेळ आधी ठाऊक हवी, कारण ती आली की हडपसरवरील थर्मल विझतात, श्रीगोंद्यावरील अद्याप चालू असल्या तरी. पूर्वेकडील आकाश पाहून पश्चिमेकडील आकाशाचा अंदाज करणारा येथे हमखास फसतो.

पूर्वी या अंदाजास गिधाडांचा आधार होता. हॅन्किन यांनी ज्यांच्यावरून हवा मोजली ते पक्षी १९९०च्या दशकात जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे जवळजवळ नाहीसे झाले. २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली तेव्हा फार उशीर झाला होता. घार उरली आहे, पण ती वस्तीजवळ आणि खालच्या थरांत अधिक रमते. उंच आणि दूरच्या हवेची खूण दाखवणारा जिवंत व्हेरिओमीटर गेला.

त्याच सुमारास गणकयंत्राने दुसरे साधन पुढे आणले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जॉन ग्लेंडेनिंग या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने ‘ब्लिपमॅप’ आणि नंतर ‘रॅस्प’ ही प्रणाली तयार केली. काही किलोमीटर बाजूच्या चौकोनांत भूभाग विभागून प्रत्येक चौकोनासाठी थर्मलचा वेग, माथा, ढगाचा तळ हे सर्व तासातासाला ती नकाशावर रंगांनी दाखवते. जे पूर्वी एका फुग्यावरून एका ठिकाणापुरते काढावे लागे ते आता सर्व मार्गाचे मिळते. या प्रगतीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र तिच्या पोटात जमिनीचा एक नकाशा असतो, आणि कोणते रान ओले व कोणते कोरडे हे त्या नकाशावरूनच प्रणालीस समजते. अशा प्रतिमानांत दीर्घकाळ वापरला गेलेला भूवापराचा एक जागतिक नकाशा १९९२-९३ मधील उपग्रह-निरीक्षणांवर आधारलेला होता. त्यानंतर कालव्याचे पाणी जेथे पोहोचले, किंवा ज्या वर्षी आवर्तन सुटलेच नाही, त्याची दखल अशा नकाशात नसते. श्रीगोंद्याच्या एका चौकोनात ऊस आणि उघडे काळे रान एकत्र येतात. प्रणाली त्यांची सरासरी काढते, आणि ती सरासरी त्या चौकोनातील कोणत्याही एका शेतावरील हवेची नसते. त्यामुळे बेत आखणाऱ्या वैमानिकास नकाशावरील रंगांबरोबर पाटबंधारे खात्याच्या आवर्तनाची तारीखही पाहून ठेवणे उपयुक्त ठरते, आणि ती तारीख त्याला तालुक्यातील कोणताही शेतकरी सांगू शकतो.